डी६९.६ : अर्धवट पत्त्याचं दुखणं

भाद्रपदात धाराशिव, कळंब किंवा उमरग्यातल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर घटकाभर बसलं, की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "पेशी किती हायत?" विचारणारे काका गावाकडून फोनवर असतात, सांगणारा पुतण्या हातातल्या सीबीसीच्या रिपोर्टवर बोट ठेवून उभा असतो. "काल पंच्याऐंशी हजार व्हत्या, आज बासष्ट." मग सोलापूरला हलवायचं की लातूरला, गाडी कुणाची, सोबत कोण, याची बोलणी सुरू होतात. पेशी कशामुळे कमी झाल्या, हे मात्र त्या सगळ्या बोलण्यात कुणी विचारत नाही.

आता समजा, एकाच गल्लीतले दोघे जण एकाच आठवड्यात अॅडमिट झाले. दोघांच्या पेशी साठ हजारांवर आल्या, दोघांनाही सलाईन लागलं, दोघेही पाच दिवसांनी घरी परतले. एकाच्या डिस्चार्ज कार्डावर निदानापुढे 'ए९७.१' असं लिहिलंय, दुसऱ्याच्या कार्डावर 'डी६९.६'. आकडा तोच, मग कोड वेगळे का? आणि त्या एका अक्षरानं, दोन-तीन आकड्यांनी कुणाचं काय अडतं? बरंच अडतं. ते कसं, हे समजून घ्यायला आधी पेशींकडे, मग पोस्टाकडे जावं लागेल.

या पेशी कोणत्या?

आपल्याकडे "पांढऱ्या पेशी कमी झाल्या" असं सर्रास म्हणतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशीही घटतात, त्यामुळे ते अगदीच खोटं नाही. पण लोकांच्या मनात असतात त्या प्लेटलेट्स, म्हणजे बिंबिका. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. बिंबिकांचं काम वेगळं. रक्तवाहिनीला बारीकशी चीर पडली, की त्या तिथे जाऊन चिकटतात, एकमेकींना धरतात आणि भोक बुजवतात. बांधाला भगदाड पडल्यावर हाताला येईल त्या ढेकळांनी आपण पाणी अडवतो आणि मागाहून दगडमातीचं पक्कं काम करतो. बिंबिका म्हणजे ती पहिली ढेकळं. पक्कं काम रक्तातली गोठवणारी प्रथिनं करतात. जूलियो बित्सोत्सेरो या इटालियन वैद्यानं १८८२ मध्ये बिंबिकांचं हे काम ओळखून त्यांना नाव दिलं.

खरं तर बिंबिका ही पूर्ण पेशीसुद्धा नव्हे. हाडांच्या मगजात फार मोठ्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचे तुकडे सुटून रक्तात येतात, त्या बिंबिका. त्यांचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. निरोगी माणसाच्या शरीरात रोज साधारण दहा हजार कोटी बिंबिका नव्यानं तयार होतात आणि जवळपास तितक्याच जुन्या होऊन मोडीत निघतात. एकूण साठ्यापैकी सुमारे एक तृतीयांश प्लीहेत, म्हणजे आपल्या पानथरीत, मुक्कामाला असतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये दीड लाख ते साडेचार लाख बिंबिका असणं ठीक मानतात.

या हिशेबातच कमी होण्याची कारणं दडली आहेत. विहिरीचं पाणी खालावलं तर झरा आटला असेल, उपसा वाढला असेल किंवा पाणी दुसरीकडेच जिरत असेल. बिंबिकांचंही तसंच. मगजात तयार होणंच कमी झालं असेल, रक्तात आल्यावर त्या भराभर मोडत असतील किंवा फुगलेल्या पानथरीत अडकून पडल्या असतील. पातळी मोजणाऱ्या दोरीला यातलं काहीच कळत नाही. ती एवढंच सांगते, की पाणी खाली गेलंय.

मोजणारं यंत्र कुठे फसतं

चौथी शक्यताही आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते : पेशी कमी झालेल्याच नाहीत, मोजणीच चुकली.

बहुतेक लॅबमधली यंत्रं वॉलेस कूल्टर या अमेरिकी संशोधकाच्या युक्तीवर चालतात. तिचं पेटंट त्याला १९५३ मध्ये मिळालं. धनगर संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना अरुंद फटीतून एकेक आत सोडतो आणि मोजतो, तसं हे यंत्र रक्ताच्या पेशी एका बारीक छिद्रातून एकेक करून सोडतं. छिद्रातून वीज वाहत असते. पेशी मधे आली की विजेला क्षणभर अडथळा होतो. मोठा अडथळा म्हणजे मेंढी, लहान अडथळा म्हणजे कोकरू. इथे मेंढी ही लाल पेशी आणि कोकरू ही बिंबिका.

आता चार-सहा कोकरं एकमेकांना चिकटून फटीतून आत आली तर? यंत्र त्यांना कोकरं म्हणून मोजतच नाही. सीबीसीसाठी रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही मोजक्या लोकांच्या रक्तात ते रसायन लागलं की बिंबिकांचे पुंजके होतात. शरीरात सगळं ठीक, गडबड फक्त नळीत. रिपोर्ट मात्र म्हणतो, चाळीस हजार. अंगावर एक ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, ताप नाही आणि पेशी चाळीस हजार, असं असेल तर जाणता पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघतो. पुंजके दिसले की निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजतो.

उलटी फसगतही होते. लोहाच्या कमतरतेनं लाल पेशी फार खुरटल्या, की यंत्र अंगानं बारीक मेंढीला कोकरू समजतं आणि बिंबिकांचा आकडा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. म्हणून आकडा खोटा नाही याची खात्री झाल्याशिवाय निदानाकडे वळू नये, आणि निदानाशिवाय कोडकडे तर नाहीच.

नाव बदललं, आकडा राहिला

आपला जिल्हा कोडचं महत्त्व समजून घ्यायला फार सोयीचा आहे. हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून शहराला उस्मानाबाद म्हणत. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण पिनकोड ४१३५०१ होता, तो तसाच राहिला. गाडीवरचं एमएच-२५ही तेच. पत्रावर कुणी उस्मानाबाद लिहो की धाराशिव, मराठीत लिहो की उर्दूत, ४१३५०१ असेल तर ते पोचतं.

पिनकोडची ही योजना एका मराठी माणसाची. संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ती आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशभर लागू झाली. एकाच नावाची अनेक गावं, एकाच गावाची अनेक नावं आणि प्रत्येक प्रांताची वेगळी लिपी, ही त्यांच्यापुढची अडचण होती. त्यांनी पत्त्याचे आकडे पायरीपायरीनं लावले. ४ म्हणजे देशाचा आपला विभाग. ४१३ म्हणजे सोलापूरच्या बाजूचा टापू. सोलापूर ४१३००१, तुळजापूर ४१३६०१, लातूर ४१३५१२. शेवटचे तीन आकडे नेमक्या टपाल कार्यालयापाशी नेऊन सोडतात.

आजारांचंही नेमकं हेच दुखणं होतं. एकाच आजाराला गावोगावी वेगळी नावं आणि एकाच नावाखाली चार आजार. पॅरिसचे सांख्यिकीतज्ज्ञ जाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची एक सामायिक यादी मांडली. तिच्यातूनच वाढत वाढत आज जागतिक आरोग्य संघटना सांभाळते ती आयसीडी, म्हणजे रोगांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, उभी राहिली. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली आणि १९९४ पासून देश ती वापरू लागले. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. तिच्यात कमी बिंबिकांना ३बी६४ हा नवा पत्ता आहे. तरी आपल्याकडच्या रुग्णालयांच्या आणि विम्याच्या कागदांवर अजून दहावीच भेटते, म्हणून या लेखातले कोड तिचेच आहेत.

दहाव्या आवृत्तीतला कोडही पिनकोडसारखाच पायरीनं वाचायचा. पहिलं अक्षर साधारणपणे प्रकरण सांगतं : ए आणि बी म्हणजे संसर्गाचे आजार, ओ म्हणजे गरोदरपण आणि बाळंतपण, पी म्हणजे नवजात बाळ. डी५० पासून डी८९ पर्यंत रक्ताचं प्रकरण. मग दोन आकडे गट सांगतात आणि टिंबानंतरचा आकडा नेमकं घर.

डी६९ ची वस्ती

डी६९ हा गट रक्तस्रावाच्या आणि त्वचेखाली जांभळे डाग पडण्याच्या आजारांचा. त्याच्या आत घरं आहेत. डी६९.३ म्हणजे आयटीपी. यात शरीराची संरक्षण-यंत्रणा आपल्याच बिंबिकांना परकं समजून मोडू लागते. लहान मुलांत साध्या विषाणूच्या तापानंतर आठ-पंधरा दिवसांनी अचानक पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. दाबले तरी ते फिके पडत नाहीत. मूल एरवी खेळतं-बागडतं असतं, आकडा मात्र वीस हजारांच्याही खाली गेलेला असतो. बहुतेक मुलांत हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप निवळतं.

डी६९.१ हे घर मला फार बोलकं वाटतं. इथे आकडा अनेकदा अगदी चांगला असतो, बिंबिका कामाच्या नसतात. जन्मतःच त्यांना चिकटता येत नाही. दात काढला की रक्त थांबत नाही आणि रिपोर्ट म्हणतो, पेशी तीन लाख. "पेशी किती?" या प्रश्नावर ज्यांची सगळी भिस्त आहे, त्यांनी या घराची आठवण ठेवावी.

डी६९.५ म्हणजे दुसऱ्या कशामुळे तरी कमी झालेल्या बिंबिका. एखाद्या औषधानं घटल्या असतील तर हा कोड येतो आणि ते औषध ओळखू येईल असा आणखी एक कोड त्याच्यासोबत जोडायचा असतो.

राहिलं डी६९.६. या घराच्या पाटीवर लिहिलंय : बिंबिका कमी, प्रकार नमूद नाही. पत्रावर नुसतं '४१३, धाराशिवकडे कुठेतरी' लिहावं, तसा हा पत्ता आहे. तो चुकीचा नाही. रात्री अकरा वाजता ग्रामीण रुग्णालयात ताप घेऊन रुग्ण आला, सीबीसीत पेशी कमी दिसल्या, बाकीच्या तपासण्या उद्या येणार. त्या घटकेला डी६९.६ हेच प्रामाणिक उत्तर आहे. पण पाच दिवसांनी, सगळ्या तपासण्या हातात आल्यावरही डिस्चार्ज कार्डावर तेच राहिलं, तर मधल्या पाच दिवसांत कळलेलं सगळं कागदावरून गळून गेलं.

चौकट : आकडा साठ हजार, पत्ते किती?

- डेंग्यू, धोक्याच्या खुणा नसलेला : ए९७.०, खुणा असलेला : ए९७.१, गंभीर : ए९७.२ (जुन्या कागदांवर ए९० किंवा ए९१ दिसेल)
- व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया : बी५१
- शेळ्या-मेंढ्यांकडून येणारा ब्रुसेला ताप : ए२३.०
- बी-१२ च्या कमतरतेचा पंडुरोग : डी५१
- फुगलेल्या पानथरीची अतिक्रियाशीलता : डी७३.१
- गरोदरपणात गुंतागुंत करणारे रक्ताचे आजार : ओ९९.१
- नवजात बाळाच्या तात्पुरत्या कमी झालेल्या बिंबिका : पी६१.०
- कारण लिहिलेलंच नाही : डी६९.६

कोरडा जिल्हा, साठवलेलं पाणी

पावसाळ्यात आपल्याकडे या आकड्याची भीती वाटते ती मुख्यतः डेंग्यूमुळे. पाऊस कमी पडणाऱ्या जिल्ह्यात पाण्याच्या डासांचा आजार कसा, असं वाटेल. पण एडीस डासाला तळं लागत नाही, रांजण पुरतो. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणार असेल तर घरोघर बॅरल, टाक्या, हौद भरून ठेवावे लागतात. त्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या काठाला हा डास अंडी घालतो. अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. दुष्काळ आणि डेंग्यू यांचं नातं असं बॅरलमधून जुळतं. म्हणून टंचाईच्या गावात आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करायची असं सांगतात. घासायचं ते कडेला चिकटलेली अंडी निघावीत म्हणून.

डेंग्यूत बिंबिका तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान घटतात. खरा धोका बहुधा ताप उतरतो तेव्हा सुरू होतो. पुढचे २४ ते ४८ तास रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त दाट होतं. माणूस दगावतो तो बहुतेकदा या पाझरण्यानं. नुसत्या बिंबिकांच्या आकड्यानं नव्हे. म्हणून डॉक्टर सीबीसीत बिंबिकांइतकंच, किंबहुना जास्त, हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्ताच्या दाटपणाकडे बघतात. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं, फार गळून जाणं किंवा बेचैन होणं या धोक्याच्या खुणा. ए९७.० आणि ए९७.१ यांच्यातला फरक या खुणांचा आहे. साठ हजार पेशी असलेला, जेवणारा-बोलणारा रुग्ण ए९७.० मध्ये असू शकतो आणि एक लाख पेशी असलेला, पोट धरून बसलेला रुग्ण ए९७.१ मध्ये. कोड इथे आकड्यापेक्षा शहाणा ठरतो.

"पेशी चढवा" म्हणून नातेवाईक डॉक्टरांच्या मागे लागतात, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं. रक्तस्राव होत नसेल तर आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय केवळ खबरदारी म्हणून बिंबिका द्यायची गरज नसते. बाहेरून दिलेल्या बिंबिका डेंग्यूच्या रुग्णात फार टिकतही नाहीत. पाझर थांबला, की मगज स्वतःच भराभर भर घालतो आणि दोन-तीन दिवसांत आकडा चढतो. नेमक्या त्याच वेळी पपईच्या पानांचा रस पाजलेला असतो, म्हणून श्रेय त्याला मिळतं.

शेळीचं दूध, घोणस आणि गरोदर बाई

शेळीच्या दुधाचा विषय मला इथे मुद्दाम काढायचा आहे. उस्मानाबादी शेळी ही या जिल्ह्याची देशभर गेलेली ओळख. डेंग्यूची साथ आली की "पेशी वाढतात" म्हणून शेळीच्या दुधाला मागणी येते आणि अनेक जण ते कच्चं पितात. शेळीला ब्रुसेला जंतूंची लागण झालेली असेल, तर ते जंतू कच्च्या दुधातून माणसात येतात. मग आठवडेच्या आठवडे चढउतार करणारा ताप, घाम, सांधेदुखी होते आणि काही रुग्णांत बिंबिकाही घटतात. पेशी वाढवायला प्यालेल्या दुधानं पेशी घटाव्यात, असं होऊ शकतं. दूध उकळलं की हा धोका जातो. दोन आठवडे ताप हटत नसेल तर घरात शेळ्या आहेत, त्यांची वेतं आपण काढली, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते कळलं तर ए२३.० पर्यंत वाट निघते. नाही कळलं तर कागद डी६९.६ वर अडून राहतो.

सोयाबीनच्या काढणीत घोणस चावली तर तिच्या विषानं रक्त गोठण्याची सगळी सामग्रीच खर्ची पडते, बिंबिकाही त्यात जातात. तिथे कोड विषबाधेचा, टी६३.०, आणि इजा कशी झाली हे सांगणारा दुसरा कोड, एक्स२०, विषारी सापाशी संबंध. या दुसऱ्या कोडमुळेच जिल्ह्यात सर्पदंश किती झाले आणि प्रतिविषाचा साठा कुठे हवा, याचा हिशेब मांडता येतो.

गरोदर बाईचं आणखी वेगळं. शेवटच्या तिमाहीत अनेक निरोगी बायांच्या बिंबिका थोड्या उतरतात, लाखाच्या वर राहतात आणि बाळंतपणानंतर जागेवर येतात. पण रक्तदाब चढलेला, यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या आणि बिंबिका घसरत चाललेल्या असतील, तर तो हेल्प नावाचा जिवावर बेतणारा प्रकार. त्याचा कोड ओ१४.२. दोन्ही पत्ते 'ओ'च्या प्रकरणातले, पण एकीला धीर द्यायचा असतो आणि दुसरीला त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यायचं असतं.

शांतपणे येणारं एक कारण बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांतून ही कमतरता आपल्याकडे किती पसरलेली आहे, ते समोर आलं. माळकरी घरात मांस-अंडी नसतात. दूधही विकायला जात असेल आणि घरात चहापुरतंच उरत असेल, तर मगजाला कच्चा माल पुरत नाही. लाल, पांढऱ्या आणि बिंबिका, तिन्ही घटू शकतात. आकडे बघून घरच्यांना ब्लड कॅन्सरची धास्ती बसते. इलाज मात्र इंजेक्शनांचा, स्वस्त आणि हमखास.

जास्त झाल्या तर?

साडेचार लाखांच्या वर आकडा गेला की धास्तीचं कारण बहुतेकदा नसतं. जंतुसंसर्ग, सूज, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा लोहाची कमतरता यांत मगज जोरात काम करतो आणि बिंबिकाही वाढतात. मूळ कारण गेलं की त्या खाली येतात. लोहाच्या कमतरतेचा कोड डी५०.

पण उतारवयातल्या एखाद्याच्या बिंबिका कारण नसताना महिनोन्‌महिने आठ-नऊ लाखांवर असतील, तर मगजातल्या पेशींनाच बेबंद वाढायची सवय लागलेली असू शकते. त्यामागचे जनुकीय बदल २००५ नंतर एकेक उलगडत गेले. जॅक-२ हा त्यांतला पहिला मोठा. या आजाराचा कोड डी४७.३. डी४७ आणि डी५० आकड्यांनी शेजारी, पण मधे प्रकरणाची हद्द आहे. परंडा आणि बार्शीच्या शिवेवर दोन शेतांत एक बांध असतो, पण एक शेत धाराशिव जिल्ह्यात आणि दुसरं सोलापूर जिल्ह्यात. तसं डी४८ पर्यंत गाठींचं, बेबंद वाढींचं प्रकरण चालतं आणि डी५० ला रक्ताचं सुरू होतं. वर्गीकरण करणाऱ्यांनी आकडा बघून घर दिलं नाही, मूळ बघून दिलं, याचा याहून चांगला पुरावा नाही.

कोड जातो कुठे

कोड देणारा बहुधा डॉक्टर नसतो. केसपेपर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जातो आणि तिथला कर्मचारी डॉक्टरनं लिहिलेल्या निदानाचं कोडमध्ये रूपांतर करतो. रिपोर्टवर साठ हजार दिसतात म्हणून त्यानं स्वतःहून डेंग्यू ठरवायचा नसतो. डॉक्टरनं 'प्लेटलेट कमी' एवढंच लिहिलं, तर त्याच्यापुढे डी६९.६ शिवाय वाट राहत नाही.

मेडिक्लेमच्या अर्जाचा रुग्णालयानं भरायचा जो भाग असतो, त्यात मुख्य निदान, सोबतचे आजार आणि त्यांचे आयसीडी-१० कोड यांचे रकाने आहेत. तपासण्या डेंग्यूच्या, औषधं डेंग्यूची आणि कोड 'कारण नमूद नाही', असा कागद गेला की शंका निघते, खुलासा मागवला जातो आणि पैसे लांबतात. साथरोगांची नोंद वेगळ्या वाटेनं जाते. आरोग्य कर्मचारी संशयित रुग्णांची माहिती 'एस' अर्जात, डॉक्टर निदानाच्या अंदाजावर 'पी' अर्जात आणि लॅब खात्री झालेल्यांची 'एल' अर्जात भरते. तिथेही मोजणी आजाराच्या नावानं होते. डॉक्टरनं कागदावर डेंग्यू लिहिला तर गावात धूरफवारणी आणि पाणीसाठ्यांची तपासणी करायला माणसं येतात. 'पेशी कमी' या नोंदीवर कुणी बॅरल तपासायला येत नाही.

सगळ्यात शेवटचा कागद मृत्यूच्या कारणाचा. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना क्रमांक ४ असतो. त्यात कारणांची साखळी वरून खाली लिहायची असते : वर मेंदूतला रक्तस्राव, त्याखाली बिंबिकांची तीव्र घट, सगळ्यात खाली गंभीर डेंग्यू. देशाच्या आकडेवारीत धरलं जातं ते तळाचं कारण. खालची ओळ कोरी राहिली, तर डेंग्यूनं गेलेला माणूस डेंग्यूच्या हिशेबातून निसटतो. कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते, ती मागून घ्या.

धाराशिवसारख्या जिल्ह्यातला रुग्ण एका आजारपणात तीन ठिकाणी फिरतो : गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, धाराशिवचं सिव्हिल, मग सोलापूर किंवा लातूर. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर नवा, केसपेपर नवा. आधी काय घडलं हे सांगणारा कागद रुग्णाच्या पिशवीतच असतो. त्या कागदावर आकड्यासोबत कारण असलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

तेव्हा घरी निघायच्या आधी, बिल भरायच्या रांगेत उभं राहण्यापूर्वी, डिस्चार्ज कार्डाची निदानाची ओळ वाचा. तिथे नुसतं 'प्लेटलेट कमी' किंवा डी६९.६ दिसलं, तर डॉक्टरांना विचारा, "कशामुळे, ते सापडलं का? सापडलं असेल तर इथे लिहाल का?" सापडलं नसेल तर पुन्हा सीबीसी कधी करायची, ते विचारून घ्या. डॉक्टर समोर असताना ही दुरुस्ती दोन मिनिटांत होते. रेकॉर्ड बंद झाल्यावर तिच्यासाठी अर्ज करावा लागतो आणि पुन्हा पुन्हा चकरा माराव्या लागतात.